प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र : कारखान्यातून कोणाला पाठवावे?

यंत्रमागाचा कारखाना असो, सायझिंग असो, डाईंग असो की बाजारातील कापडाची पेढी असो, प्रथमोपचाराची पेटी बहुतेक ठिकाणी भिंतीवर टांगलेली दिसते. ती उघडली तर आत काय निघते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कापूस पिवळा पडलेला, औषधाची बाटली सुकलेली, चिकटपट्टी न चिकटणारी आणि पेटीची किल्ली मेहताजींच्या गल्ल्यात. मेहताजी संध्याकाळी घरी जातात, कारखाना मात्र रात्रभर चालतो.

पेटी भरून घेणे सोपे आहे. एखादा माणूस औषधाच्या दुकानात पाठवला की काम झाले. पण पेटी उघडून काय करायचे हे जाणणारा माणूस त्या घडीला तेथे हजर असेल काय, हा खरा प्रश्न आहे. असा माणूस बाजारात मिळत नाही, तो आपल्याच माणसांतून तयार करावा लागतो. प्रथमोपचार आणि छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत, जिला सर्वजण सी.पी.आर. म्हणतात, यांची तालीम घेऊन प्रमाणपत्र मिळवणे हा त्याचा मार्ग आहे. आमच्या उर्दू शाळेत याला ‘इब्तेदाई तिब्बी इमदाद’ म्हणत आणि तो धडा परीक्षेपुरता पाठ केला जाई. धंद्यात पडल्यावर समजते की तो धडा पाठ करण्याचा नसून हाताने करण्याचा आहे.

हा निर्णय कसा घ्यावा, कोणाला पाठवावे, कोणते प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यानंतर काय करावे, याची माहिती व्यापारी व कारागीर बांधवांसाठी येथे देत आहे.

पहिली पाच मिनिटे

माणसाचे हृदय अचानक बंद पडले की मेंदूला रक्त मिळत नाही. चार ते सहा मिनिटांत मेंदूचे नुकसान सुरू होते. छाती दाबण्यास कोणी नसेल तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर वाचण्याची शक्यता शेकडा सात ते दहाने घटते, असे या विषयातील जाणकार सांगतात. म्हणजे दहा मिनिटांनंतर हातात फारसे काही उरत नाही.

आता आपल्या मोहल्ल्यांचा विचार करा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते आणि ही मोठी सोय आहे. पण भिवंडी किंवा मालेगावच्या आतल्या गल्लीत, जेथे बीम उतरवणारा टेम्पो उभा असला की सायकलही निघत नाही, तेथे ती पाच मिनिटांत पोहोचेल असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. गाडी नाक्यापर्यंत येते, तेथून स्ट्रेचर हाताने आणावे लागते. डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याचे काम रुग्ण पोहोचल्यावर सुरू होते. त्याआधीची मिनिटे शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात पावसाळ्यात रात्रपाळीला एका तरुण कारागिराला विजेचा झटका बसला. बिहारमधून आलेला मुलगा, थोरला भाऊ त्याच शेडमध्ये कामाला. लोकांनी मेन स्विच बंद केला, हे बरोबरच झाले. पण त्यानंतर कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा हुंगवला, कोणी तळपाय चोळले. मग रिक्षा शोधण्यात वेळ गेला. दवाखान्यात नेईपर्यंत सर्व संपले होते. त्या शेडमध्ये आठ-नऊ माणसे होती, सर्वांची मदत करण्याची इच्छा होती आणि सर्वजण धावत होते. काय करावे हे मात्र एकालाही माहीत नव्हते. छाती दाबली असती तर तो वाचलाच असता असे म्हणता येणार नाही. परंतु जी एक गोष्ट करून पाहण्यासारखी होती, ती कोणी केली नाही, कारण ती कोणी कोणाला शिकवलीच नव्हती. त्यानंतर मी वर्गात नाव घातले आणि माझ्या ओळखीच्या कारखानदारांनाही तसा आग्रह करू लागलो.

ही विद्या कोठून आली

वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की छाती दाबण्याच्या या पद्धतीचा संबंध विजेच्या कामगारांशी आहे. अमेरिकेत तारांवर काम करणारी धडधाकट माणसे झटका लागून मरत. त्यांचे हृदय पुन्हा चालू कसे करावे याचा शोध बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९२०च्या दशकापासून वीज उद्योगाच्या पैशाने सुरू झाला. हे काम करणारे विल्यम कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, ते विजेचे इंजिनिअर होते. प्रयोगशाळेत कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड तबकड्या दाबल्या असता रक्ताचा दाब चढतो, हे त्यांच्या सहकाऱ्याच्या ध्यानात आले. त्यावरून नुसत्या हातांनी छाती दाबूनही रक्त मेंदूपर्यंत फिरवता येते हे सिद्ध झाले. कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये ते जगापुढे मांडले.

त्याच साली नॉर्वेतील आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने सरावासाठी माणसाच्या आकाराचा पुतळा तयार केला. प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनविण्याचे हुनर त्याच्याकडे होते, ते त्याने या कामी लावले. स्वतःच्या लहान मुलाला बुडताना वाचवण्याचा प्रसंग त्याच्यावर येऊन गेला होता. आज जगभर ज्या पुतळ्यांवर लोक छाती दाबण्यास शिकतात, त्यांची सुरुवात या कारखानदाराच्या पुतळ्यापासून झाली. म्हणजे या विद्येच्या उभारणीत एक वीज इंजिनिअर आणि एक खेळणीवाला यांचा मोठा वाटा आहे. ती डॉक्टरांपुरती ठेवण्याची गोष्ट नव्हे.

सामान्य माणसांना शिकवून फरक पडतो काय? डेन्मार्क देशाचे उदाहरण घ्या. तेथे शाळांत हे शिक्षण सक्तीचे झाले आणि वाहन परवान्यासाठीही प्रथमोपचाराचा वर्ग आवश्यक करण्यात आला. २००१ मध्ये हृदय बंद पडलेल्या शंभरांपैकी सुमारे २१ जणांना जवळच्या लोकांकडून सी.पी.आर. मिळत असे. २०१० मध्ये हे प्रमाण सुमारे ४५ झाले. त्याच काळात महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा साडेतीनवरून जवळजवळ अकरावर गेले. रुग्णवाहिका व रुग्णालयेही तेथे सुधारली, हे खरे. तरी सामान्य माणसांचे हात कामाला लागले, हा त्यातील मोठा भाग आहे. यावरून दुसरी गोष्टही ध्यानात येते. इतकी सोय असलेल्या देशातही बहुतेक जण वाचत नाहीत. म्हणून वर्ग केला म्हणजे मृत्यूवर ताबा मिळाला असे कोणी समजू नये. आपण फक्त बंद दार थोडे उघडे ठेवू शकतो.

कायदा काय म्हणतो

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ४५ व्या कलमात दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती पेटी सरकारमान्य प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात, अशी स्पष्ट तरतूद होती. ती व्यक्ती कामाच्या वेळात नेहमी हजर असावी, हेही त्यात लिहिले होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. प्रथमोपचार पेटीची जबाबदारी त्यातही मालकावर ठेवलेली आहे. आपल्या कारखान्याला नेमके कोणते नियम लागतात, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे कारखाने लहान आहेत. चोवीस माग, एका पाळीत चार विणणारे, एक जॉबर, एक कांडीवाला. जरीकाम, शिलाई, वेल्डिंग, फर्निचर, बेकरी यांची स्थिती याहून वेगळी नाही. अशा जागा बहुधा कायद्याच्या मोठ्या चौकटीबाहेर राहतात आणि कोणी इन्स्पेक्टर विचारायला येत नाही. मात्र मोटर थ्री-फेजवर चालते, पट्टा तोच असतो, धोटा उडाला तर डोळ्याला तसाच लागतो. कायदा लागू नाही म्हणून धोका लागू होत नाही, असा हिशेब करता येत नाही. उलट लहान जागेत दवाखाना नाही, गाडी नाही, रात्री मालकही नाही. तेव्हा जाणकार माणसाची गरज तेथे जास्त आहे.

कोणाला पाठवावे

येथे एक नेहमीची रीत मोडावी लागेल. वर्गाचे पत्र आले की मालक स्वतःच्या मुलाला पाठवतो किंवा मेहताजींना पाठवतो. प्रमाणपत्र फ्रेममध्ये बसते, ऑफिसात लागते. मालकाच्या मुलाने जरूर शिकावे, पण रात्री दोन वाजता तो शेडमध्ये नसतो.

माझ्या मते निवड या क्रमाने करावी. पहिला माणूस रात्रपाळीचा जॉबर. तो बारा तास शेडमध्ये फिरता असतो, एका मागाला बांधलेला नसतो, त्याला मेन स्विच ठाऊक असतो आणि त्याचे म्हणणे बाकीचे ऐकतात. दुसरा माणूस दिवसपाळीचा जॉबर. तिसरा, विणणाऱ्यांपैकी कोणी अंगाने मजबूत आणि जागेवर टिकलेला. जो ईदला गावी गेला की परत येईल की नाही याचा भरवसा नाही, त्याला शिकवू नये असे नव्हे. विद्या वाया जात नाही, तो गावी कोणाच्या तरी कामी येईल. पण कारखान्याचा आधार म्हणून स्थिर माणूस निवडावा. डाईंग व सायझिंगमध्ये बॉयलर व रसायनाजवळचा एक माणूस वेगळा घ्यावा. दुकानात मालकानेच शिकावे, कारण गल्ल्यावर दिवसभर तोच बसतो आणि गिऱ्हाइकांत म्हातारी माणसे पुष्कळ असतात.

एक नियम सोपा आहे : प्रत्येक पाळीला, प्रत्येक शेडमध्ये किमान दोन. एक रजेवर गेला तर दुसरा राहील. शिवाय छाती दाबणे इतके दमवणारे आहे की दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. वर्गात पुतळ्यावर करताना माझा घाम निघाला. माझ्या शेजारी बसलेला पंचविशीचा वेल्डरही दोन मिनिटांनंतर धापा टाकू लागला.

आणि वर्गाच्या दिवसांची मजुरी कापू नये. मागाच्या कामात मजुरी मीटरवर असते, माग बंद तर कमाई बंद. वर्गाला जाणाऱ्या माणसाला ते दिवस भरून दिले नाहीत तर तो जाणार नाही, गेला तरी मन लावणार नाही. एका जॉबरची एक-दोन दिवसांची मजुरी किती होते? एखादा बीम खराब निघाला तर त्याहून जास्त नुकसान आपण मुकाट्याने सोसतो.

कोणते प्रमाणपत्र घ्यावे

आपल्याकडे प्रथमोपचाराचे जुने व ओळखीचे प्रमाणपत्र सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्थेचे आहे. एस.टी. कंडक्टरच्या बिल्ल्यासाठी लागणारे म्हणून आपल्या तरुणांना ते माहीत आहे. ते तीन वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करावे लागते. १९२० मध्ये स्थापन झालेली इंडियन रेड क्रॉस सोसायटीही प्रथमोपचाराचे वर्ग घेते. काही रुग्णालयांत अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीचे वर्ग चालतात. त्यातील डॉक्टर-नर्स यांच्यासाठीचा वर्ग वेगळा आणि सामान्य लोकांसाठीचा वेगळा, दोन्हींचे प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते. त्यांचा भर हृदय व श्वास यांवर आहे. भारतातील भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी सामान्य माणसासाठी तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत ठरवली आहे, तिचे प्रात्यक्षिकही अनेक ठिकाणी दाखवले जाते.

कारखान्यासाठी माझा सल्ला असा की आधी पूर्ण प्रथमोपचाराचा वर्ग करावा, ज्यात रक्तस्राव, भाजणे, हाड मोडणे, झटका आणि सी.पी.आर. हे सर्व येते. नुसता सी.पी.आर. शिकलेला माणूस बोट तुटल्यावर गोंधळून जाईल, आणि मागावर बोटांच्या दुखापती नेहमीच्या आहेत.

नाव घालण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. एक, पुतळ्यावर प्रत्येकाला हाताने सराव देणार काय आणि किती जणांमागे एक पुतळा? दुसरे, शिकवण्याची भाषा कोणती? तिसरे, प्रमाणपत्र किती वर्षांचे आणि सरकारी कामात चालते काय? चौथे, परीक्षा हाताने करून घेणार की फक्त कागदावर? घरी बसून मोबाइलवर चार प्रश्नांची उत्तरे दिली की प्रमाणपत्र, असेही प्रकार आता निघाले आहेत. ज्या प्रमाणपत्रासाठी गुडघ्यावर बसावे लागत नाही, त्याचे पैसे देऊ नयेत.

भाषेविषयी संकोच नको. वर्गातील पुस्तक बहुधा इंग्रजी किंवा हिंदी असते. आमच्या वर्गात शिकवणारे इंग्रजी शब्द फार वापरू लागले, तेव्हा आम्ही अदबीने सांगितले की जनाब, हिंदीत सांगा. त्यांनी आनंदाने सांगितले. मी माझे टिपण उर्दूत काढले, शेजाऱ्याने मराठीत काढले, परीक्षा दोघांनी एकाच पुतळ्यावर दिली.

वर्गात काय शिकवतात

खाली दिलेली माहिती वर्गाची जागा घेऊ शकत नाही. तरी निर्णय घेण्यापूर्वी काय मिळणार हे कळावे म्हणून थोडक्यात देतो.

विजेचा झटका : आधी मेन स्विच बंद. वीज चालू असताना चिकटलेल्या माणसाला हात लावू नये, नाहीतर दुसराही जातो. स्विच सापडत नसेल तर स्वतः कोरड्या लाकडी फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर करावी. उच्च दाबाच्या लाइनजवळ मात्र कोणीच जाऊ नये.

छाती दाबणे : माणूस हलवून, हाक मारून शुद्धीवर येत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की सुरू करावे. थांबून थांबून येणारे आचके किंवा घरघर म्हणजे श्वास नव्हे, हे मुद्दाम शिकवतात, कारण येथेच लोक फसतात. एकाने १०८ ला फोन लावावा, दुसऱ्याने माणसाला कडक जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध तळहाताचे मूळ ठेवावे, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती सुमारे दोन इंच खाली जाईल इतके दाबावे आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यावे. वेग मिनिटाला १०० ते १२०. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करेपर्यंत थांबू नये. तोंडाने श्वास देण्याची तालीम असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. लहान मूल किंवा बुडालेला माणूस असेल तर श्वासाला फार महत्त्व आहे.

रक्तस्राव व तुटलेले बोट : जखमेवर स्वच्छ कापडाने सरळ दाब द्यावा आणि सोडू नये. कापड भिजले तर वर दुसरे ठेवावे. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, तोंड बांधून ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकले तर ते जोडण्याची आशा कमी होते.

डोळ्याला धोटा लागणे : चोळू नये, दाबू नये, धुण्याच्या भानगडीत पडू नये. वर कागदाचा पेला उपडा धरून डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यावे. परंतु डोळ्यात कॉस्टिक किंवा ॲसिड गेले असेल तर याच्या उलट : लगेच स्वच्छ पाण्याची धार धरून निदान वीस मिनिटे धुवावे, मग डॉक्टर.

भाजणे : साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे, अंगठी-बांगडी लवकर काढावी. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही लावू नये. फोड फोडू नयेत.

फिट येणे : हातात किल्ली देऊ नये, जोडा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. आसपासचे सामान हटवून, फिट थांबल्यावर कुशीवर वळवावे.

यातील बऱ्याच गोष्टी आपण घरीदारी पाहिलेल्या उपायांच्या उलट आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. जुनी सवय मोडायला नुसते वाचणे पुरत नाही, हाताला नवी सवय लावावी लागते. त्यासाठीच वर्ग.

स्त्रियांना कोण मदत करणार?

हा प्रश्न आपल्या लोकांच्या मनात असतो, पण कोणी उघड विचारत नाही. घरातील किंवा शेजारची बाई कोसळली आणि जवळ परका पुरुषच असला तर? छाती दाबताना हात छातीच्या मधल्या हाडावर असतात आणि कपड्यांवरूनही ते करता येते, हे वर्गात स्पष्ट दाखवतात. जीव जात असताना माणसाने थांबू नये, असे मला वाटते. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी ती आपल्या मौलानांना आजच विचारून घ्यावी, प्रसंगाच्या वेळी विचारण्यास सवड नसते.

याहून चांगला उपाय म्हणजे बायकांनाच ही तालीम मिळावी. कांड्या भरणे, जरी, शिलाई, धागे कापणे ही कामे घराघरांत बायकाच करतात. हृदयाचा झटका पुष्कळदा घरातच येतो, तेव्हा पहिली शेजारी घरातलीच बाई असते. संस्थेला आधी सांगितले तर स्त्री शिक्षिकेची व्यवस्था करण्याची विनंती करता येते. मोहल्ल्यातील शाळेत किंवा शादी हॉलमध्ये वीस-पंचवीस बायकांचा वेगळा वर्ग भरवणे मुळीच कठीण नाही.

पोलिसांची भीती

हात लावला आणि माणूस मेला तर आपल्यावर येईल, ही भीती खरी आहे. म्हणून कायद्याची स्थिती जाणून घ्यावी. रस्ता अपघातातील जखमीला मदत करणाऱ्यास त्रास देऊ नये, नाव सांगण्याची सक्ती करू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये लागू केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून अशा मदतगाराला संरक्षण देण्यात आले. हे कलम रस्ता अपघातापुरते आहे. कारखाना किंवा दुकान यासाठी भारतीय न्याय संहितेचे ३० वे कलम पाहावे. बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी, संमती घेणे शक्य नसताना, सद्‌भावनेने केलेल्या कृत्याला ते संरक्षण देते. त्यापूर्वीच्या दंड संहितेतही ९२ व्या कलमात हीच तरतूद होती. मात्र आपल्या शिक्षणापलीकडे जाऊ नये : इंजेक्शन देणे, टाके घालणे, हाड बसवणे हे प्रथमोपचारकाचे काम नाही. प्रमाणपत्राची मर्यादाही वर्गात शिकवतात आणि ती पाळण्यातच संरक्षण आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

प्रमाणपत्र हातात पडले की काम संपले असे समजू नये. सराव नसेल तर थोड्याच महिन्यांत हात विसरू लागतात. दर तीन महिन्यांनी पाळी बदलताना दहा मिनिटे काढून सर्वांना एकदा करून दाखवावे, पुतळा नसेल तर घट्ट बांधलेल्या कापडाच्या गठ्ठ्यावर वेग आणि हाताची ठेवण ताजी करता येते. जिवंत माणसावर मात्र सराव करू नये. मुदत संपण्याची तारीख विम्याच्या हप्त्याप्रमाणे वहीत लिहून ठेवावी.

पेटीचे कुलूप काढून टाकावे. आत निर्जंतुक गॉझ, रुंद बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, त्रिकोणी पट्टी, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बॅटरी ठेवावी. मेन स्विचच्या शेजारी मोठ्या अक्षरांत कागद लावावा : दोन्ही पाळ्यांतील शिकलेल्या माणसांची नावे, १०८ क्रमांक, आणि कारखान्याचा पत्ता नाक्यावरील ओळखीच्या खुणेसह. झारखंडहून आलेल्या कारागिराला गल्लीचे नाव सांगता येत नाही, तो कागद वाचून सांगेल किंवा दुसऱ्याकडून वाचवून घेईल. हिंदी, मराठी, उर्दू तिन्हींत लिहिल्यास उत्तम. फोन होताच एक मुलगा नाक्यावर उभा करावा, म्हणजे गाडीला गल्ली शोधावी लागणार नाही.

शेवटी व्यवस्थेविषयी. एकट्या कारखान्याने वर्ग भरवणे महाग पडते, दहा कारखान्यांनी मिळून भरवला तर खर्च वाटला जातो. भिवंडी व मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. दोन शुक्रवार ठरवावेत, सकाळी वर्ग, जुम्याच्या नमाजची सुट्टी, नंतर पुन्हा वर्ग, म्हणजे एकही पाळी बुडत नाही. यंत्रमाग संघटना, बाजारपेठेतील व्यापारी मंडळ किंवा मोहल्ल्यातील तरुणांची मंडळी यांपैकी कोणीही पुढाकार घेऊ शकेल. संघटनेच्या बैठकीत सुताचे भाव आणि विजेचे दर यांची चर्चा तासन्‌तास होते, आणि ती व्हायलाच हवी. त्याच बैठकीत पाच मिनिटे या विषयाला द्यावीत आणि प्रत्येक सभासदाने आपल्या रात्रपाळीच्या दोन माणसांची नावे तेथेच लिहून द्यावीत. नावे आल्यावर संस्थेला पत्र पाठवणे हे एका दिवसाचे काम आहे.